पाणी पिण्याची मिनिटं

सोललेली दोन बोटं. शेडचं थकलेलं भाडं. मोबाइलवर पळणारे आकडे.

बोटं मिस्त्रीची, भाडंही त्याचंच. मोबाइल गिऱ्हाइकाचा.

गाडीचा क्लच बदलून मिस्त्री खालून सरपटत बाहेर आला. "तीन तास लागले साहेब. तासाला चारशे, म्हणजे मजुरी बाराशे."

"पावणेतीन तास!" गिऱ्हाइकाने मोबाइल त्याच्या नाकासमोर नाचवला. "दोनदा पाणी प्यालास, एकदा फोनवर बोललास. ती मिनिटं कोण भरणार, तुझा सासरा?"

"एवढा हिशोब करायचा होता तर शोरूमला जायचं."

"तिथे गळा कापतात म्हणून तुझ्या दारात आलो. तर तू खिसा कापायला बसलास!"

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शेडचा मालक संध्याकाळी भाड्यासाठी येणार होता. त्याने अकराशे घेतले आणि किल्ली बॉनेटवर आपटली. "पुन्हा इकडे फिरकू नका."

* * *

आदल्या दिवशी शोरूमच्या काउंटरमागे बसून मोबाइलवर मिनिटं मोजणारा हाच माणूस एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला समजावत होता, "काम तासाभरात झालं, मान्य आहे काका. पण कंपनीच्या पुस्तकात त्याला पाच तास छापलेत. बिल पाच तासांचंच होणार."