एक प्रत भेट

"कथा छान आहे ताई, दिवाळी अंकात घेतोय," संपादक फोनवर म्हणाले. पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीनं पाळणा हलवत वृंदा मोहरली. पहिलीच कथा होती तिची!

"आणि मानधन?" तिनं चाचरत विचारलं.

"नवोदितांना कसलं मानधन? एक प्रत भेट पाठवू. उलट तुम्हीच एखादी जाहिरात मिळवून दिलीत, तर कथा सुरुवातीच्या पानांत घेऊ."

"नाव तर छापून येतंय. हो म्हण की," शेंगा सोलत सासूबाई कुजबुजल्या.

वृंदाच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. तेवढ्यात पाळण्यातली चिमुकली मूठ हलली. लेकीला कुशीत घ्यायच्या कितीतरी दुपारी तिनं या कथेला दिल्या होत्या. त्या फुकटच्या नव्हत्या.

"राहू द्या. दुसरीकडे पाठवते."

"दुसरीकडे तुम्हाला ओळखतं कोण?"

"कुणीच नाही. म्हणूनच पैसे मागायला लाज वाटत नाही!"

फोन ठेवून तिनं लगेच दुसऱ्या मासिकाचा नंबर फिरवला. "कथा पाठवायची होती. मानधन देता ना?"

पलीकडच्या बाई हसल्या. "देतो की! पण आधी कथा तर वाचू द्या."