पहिलं नाव

यामिनीनं लॅपटॉप मिटला. समुद्रात तरंगणाऱ्या, वाळूच्या कणाएवढ्या जीवाचा एक जीवाश्म तिनं शोधनिबंधात नवी जात म्हणून मांडला होता. नावही हौसेनं ठेवलं होतं. आज उत्तर आलं की ही जात नवी नाही, कोणीतरी फार आधीच तिला नाव दिलेलं आहे.

सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या. "मंग तुह्या नावाचं काय?"

"ते बाद, आई. जे पहिले ठेवलं तेच खरं."

"अन् दुसरंच साऱ्यांच्या तोंडी बसलं असलं तं?"

"तरी बी. नियम आहे."

"आपल्या इथला?"

"साऱ्या जगाचा."

"हव का?" म्हणत सासूबाईंनी ताट जवळ ओढलं. लग्नात नवऱ्यानं तांदळात अंगठीनं 'शारदा' लिहिलं, तेव्हापासून सारा बुढापारा मोहल्ला त्यांना शारदाकाकूच म्हणत आला होता.

त्यांनी ताटातले तांदूळ तळहातानं सारखे केले, त्यात बोटानं 'गोदू' लिहिलं आणि ताट सुनेपुढे सरकवलं.

"मंग नियमानं मी हे आहो."