पाय पसरायची खुर्ची

वेणीमाधवसरांनी जेवणाच्या टेबलावर दोन क्रेडिट कार्डांची माहितीपत्रकं शेजारी-शेजारी मांडली आणि वहीत दोन रकाने आखले. कॉलेजात चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. रकाने आखल्याशिवाय त्यांना भूकही लागत नसे. समोर त्यांची बायको इंद्रायणी मेतकूट चाळत बसली होती. कॅलगरीला राहणाऱ्या लेकीचं, सईचं, दुसरं बाळंतपण महिन्यावर आलं होतं.

"आज ठरवायलाच हवं," सर म्हणाले. "जुन्याची वर्षाची फी साडेबारा हजार, वर जीएसटी. नव्याची दहा. पण नव्यावर विमानतळाच्या लाउंजमध्ये आठच वेळा जाता येतं. जुन्यावर कितीही वेळा."

"आपण कितीदा गेलो?"

"प्रश्न तो नाही."

एकदाही गेले नव्हते. सर निवृत्त झाले त्या वर्षी बँकेत लागलेल्या वरदनं, त्यांच्या भाच्यानं, ते कार्ड त्यांच्या गळ्यात मारलं, आणि तेव्हापासून घरात ते असून अडचण नसून खोळंबा होऊन बसलं होतं. वर्षाला आठ लाख खर्च केले की फी माफ. आता दोन म्हाताऱ्यांच्या घरात आठ लाखांचा खर्च आणायचा कुठून? मग शेजारच्या ईरप्पाचा फ्रीज असो, कुणाच्या मुंजीचं कार्यालय असो, नाहीतर कुणाच्या सुनेचा शालू असो, सर आधी जाऊन काउंटरला उभे. कार्ड सरांचं, आणि ज्याची खरेदी त्याची रोकड इंद्रायणीच्या पर्समध्ये. ती पर्स काखेत दाबून तिनं नवी पेठेतली निम्मी दुकानं उभ्या उभ्या पाहिली होती. भाजीसुद्धा तिला मंडईतून आणता येत नसे, कारण मंडईतली बाई कार्ड घेत नव्हती.

आणि हे सगळं कशासाठी, तर कॅलगरीच्या तिकिटांसाठी. खर्चावर पॉइंट मिळतात, पॉइंटांवर विमानाची तिकिटं. व्हिसा केव्हाच लागला होता. सई म्हणाली, मी तिकिटं पाठवते, तर सर म्हणाले, लेकीच्या पैशानं लेकीकडं जायचं नाही. रोखीनं काढू म्हटलं, तर पॉइंट असताना रोख कशाला? इंद्रायणी मधूनमधून विचारी, "झाले का हो पॉइंट?" "होतायत," सर म्हणत. चुलीवर भात शिजतोय, तसं. यापुढं काय विचारायचं, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"उद्यापासून बँक पॉइंटची किंमत निम्मी करतेय," सर वहीतून मान वर न करता म्हणाले. "दोघांना जाऊन यायला चार लाख पॉइंट लागायचे, ते आता आठ लागणार. आपले तीन लाख दहा हजार झालेत. म्हणजे जुन्या कार्डावर अजून बारा वर्षं. नव्यावर आठ. म्हणून नवं घ्यावं म्हणतो."

चाळण थांबली. इंद्रायणी त्रेसष्ट वर्षांची होती, सर सहासष्टचे.

"एवढे कशाला लागतात हो?"

"पुढच्या वर्गाचं तिकीट आहे ते. खुर्चीचा पलंग होतो. पाय पसरून झोपायचं."

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. सरांनी आधी पाय पसरायचं ठरवलं होतं आणि आठ वर्षं ते अंथरूण विणत बसले होते.

"आणि साध्या खुर्चीला?"

"साध्याला काय, होतात की."

"दोघांचे?"

"दोघांचे, जाऊन येऊन."

"आज?"

"आज कशाला, केव्हाचे होतात. तीन-साडेतीन वर्षं झाली असतील. पण ते साध्यावर घालवायचे म्हणजे एका पॉइंटला जेमतेम रुपया पडतो गं. पुढच्या वर्गात दोन पडतात."

तीन वर्षांपूर्वी सईला पहिली मुलगी झाली होती. टाक्यांनी वाकलेली सई तान्ह्या पोरीला फोनपुढं धरून रडत होती आणि इंद्रायणी सोलापुरातून सांगत होती, मान धर, आधी मान धर. सर मागून म्हणाले होते, पॉइंट झाले की लगेच जाऊ. इंद्रायणीला राग आला. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. पंखा फिरत होता आणि सरांच्या वहीची पानं फडफडत होती.

"एक काढा," ती म्हणाली. "साधं. आत्ता."

"एक? अगं, दोघांनी मिळून..."

"माझं."

सरांनी चष्मा काढला. "एकटी जाणार? इतके तास पाय आखडून? मध्ये विमान बदलायचं असतं. आणि लाउंजमध्ये तुला एकटीला सोडायचे नाहीत, कार्ड माझ्या नावावर आहे."

"मला लाउंजमध्ये जायचंच नाही. मला सईकडं जायचंय."

सरांनी लॅपटॉप पुढं ओढला आणि एका बोटानं तिचं नाव टाइप केलं, पासपोर्टाचा नंबर टाकला. पुढं त्यांचं बोट अडलं.

"परतीची तारीख मागतोय."

इंद्रायणी हात झटकून उठली होती.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "परतीचे पॉइंट तुम्ही जमवा सावकाश."