जुन्या भाड्याची खेप

"ही खेप घेऊन गेलास तर पुन्हा माझं तोंड बघू नकोस," धाकटा म्हणाला आणि भरल्या ताटावरून उठला.

थोरल्याने मान वर केली नाही. "गाडी उभी ठेवून काय हवा खायची?"

थोरल्याची बायको हातात पोळी घेऊन तशीच उभी राहिली. या घरात दोन भावांचा आवाज कधी चढला नव्हता.

डिझेल पुन्हा महागलं होतं. भाडं मात्र जागचं हललं नव्हतं. शेवटी ट्रकवाल्यांनी एकी केली: भाडं वाढवून मिळेपर्यंत कुणीही माल उचलायचा नाही. धाकटा त्या सगळ्यांचा पुढारी. आणि त्याच्याच सख्ख्या भावाने जुन्या भाड्यात सिमेंट भरून आणलं होतं. ताडपत्री आवळलेला ट्रक घरामागे उभा होता. जेवण झालं की थोडं पडायचं आणि निघायचं, असा थोरल्याचा बेत होता.

सकाळपासून 'खिंडीत गाठू' अशा धमक्यांचे फोन येत होते. थोरल्याने फोनच बंद करून टाकला.

"भाऊजींना तरी विचारा, कोण आहेत ही माणसं," ती म्हणाली.

"त्याला काय विचारायचं? त्याच्याच पंगतीतली आहेत." तो कूस बदलून झोपला.

ती भांडी घासायला मागच्या दारी आली, तर ट्रकखाली दोन पाय दिसले. धाकटा सरपटत बाहेर आला. हात काळे झाले होते. तिला बघून दचकला.

"काय करताय, भाऊजी?"

"काही नाही. टायर बघत होतो." त्याने मूठ खिशात घातली. मग जाता जाता थांबला. "वहिनी, मी आलो होतो हे दादाला सांगू नका."

हाच तो मुलगा, लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या पदराला धरून फिरायचा. नवऱ्याला उठवावं असं तिला वाटलं. पण उठवलं असतं तर दोघं एकमेकांच्या जिवावर उठले असते. ती चपला न घालताच समोरच्या गॅरेजकडे धावली.

मेकॅनिक ट्रकखाली शिरला.

"ब्रेकच्या हवेचा पाइप कापलाय, ताई," तो आतूनच म्हणाला. "घासून तुटलेला नाही. चाकूने कापलाय."

पुढे खिंडीचा उतार होता आणि मागे सिमेंटचं ओझं. मेकॅनिकने नवा पाइप बसवला. सगळे ब्रेक तिने पुन्हा पुन्हा तपासायला लावले. "यांना काही बोलू नका," म्हणून हात जोडले.

थोरला उठला, चहा प्यायला, गाडीत चढला. ती दारात उभी राहून बघत होती. वळणावर ब्रेक लागले, मागचे लाल दिवे पेटले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

ऊन उतरायच्या सुमाराला धाकटा पुढच्या दाराने आत आला. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"वहिनी, चहा टाका. दादा चिडलाय का फार?"

ती जागची हलली नाही. "सख्खा भाऊ तो तुमचा. हात कसा धजला?"

"कशाला?"

"पाइप कापायला. वाटेत ब्रेक लागले नसते तर?"

तो चक्क हसला. "अहो, हवा नसली तर या गाडीचे ब्रेक सुटतच नाहीत. चाक हलत नाही. दादा निघू नये म्हणून कापला. ऐकत होता का तो कुणाचं?"

"मी तो बदलून घेतला. हे गेले, भाऊजी. केव्हाच गेले."

धाकट्याने धावत जाऊन मागचं दार उघडलं. रिकाम्या जागेकडे तो बघतच राहिला. मग त्याने भावाला फोन लावला. फोन बंद होता.

"खिंडीत कोण आहे, भाऊजी?"

"आपलीच माणसं," तो म्हणाला. "दादा घरीच आहे, आता जो ट्रक येईल तो दरीत ढकला, असं मीच त्यांना सांगून आलोय."