वाढवा

“दुकान आवरायला घेतलं की तुमचं सॉफ्टवेअर मला ‘बंद करा’ म्हणतं,” देवरुखकर सराफ फोनवर कुरकुरले. “लक्ष्मीसमोर असं अभद्र बोलतात का, बाई? दुकान कधी बंद करत नाहीत. दुकान वाढवतात.”

मृणालला हसू आलं, पण म्हणणं पटलं. तिनं बटणावरचं ‘बंद करा’ खोडून ‘वाढवा’ लिहिलं आणि ती मोकळी झाली. हे बटण तिनं स्वतः इतक्या निगुतीनं घडवलं होतं, की कंपनीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तेच बसवलेलं होतं. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे आपोआप बदलायचं, याचा तिला कोण अभिमान. सराफांपुरतं वेगळं बटण करायला हवं होतं, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. साहेब जिममध्ये ट्रेडमिलवर होते, आणि त्या ट्रेडमिलचा स्क्रीनही त्यांच्याच कंपनीनं केलेला होता.

“मृणाल,” साहेबांना धाप लागली होती, “हे थांबवायचं बटण गेलं कुठं?”

तिला कालचं बटण आठवलं. “सर, ‘वाढवा’ दाबा.”

“ते दाबलं मघाशी. तेव्हापासून असा पळतोय.”

“ते वेगाचं असेल, सर. दुसरं बघा. वाढवा म्हणजे बंद करा. सराफांकडे तसंच म्हणतात.”

पलीकडे पाय धपधपतच होते.

“अगं, दोन्हींवर ‘वाढवा’च लिहिलंय,” साहेब कळवळले. “यातलं सराफांचं कुठलं?”