खांदा

"वरल्या गल्लीची मेल्याली ढोरं ओढून माझं खांदं गेलं. बुद्धाचा धम्म घेतला नि त्ये काम सोडलं. आन् तू परत ढोरांतच चाललीस?" बारावीनंतर संघप्रियानं जनावरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं, तेव्हा आजा यल्लाप्पा एवढं बोलला आणि पुढं सात वर्षं तिच्याशी बोललाच नाही.

आज भर दुपारी ती अडलेली म्हैस सोडवून घरी आली. अंगात त्राण नव्हतं. उजवा हात खांद्यातून वर होत नव्हता.

उंबऱ्यावर बसलेल्या आजानं तोंड उघडलं, "वरल्या गल्लीत गेलतीस न्हवं?"

"व्हय आजा. रेडकू ओढून काढलं."

"मेल्यालं?"

"जित्तं हाय."

म्हातारा भिंतीला धरून उठला, तेलाची वाटी घेऊन आला आणि तिचा खांदा चोळू लागला.