खुंट्यांचा पट

स्टीफनने घोडा मागे घेतला आणि रंगनाथरावांचा हात हवेतच थांबला. इथे तो चुकायला हवा होता. राहुरीच्या वाचनालयात रोज संध्याकाळी तो इथेच चुकायचा.

जिल्हा स्पर्धेची ही शेवटची फेरी. जिंकेल तो जिल्ह्याच्या संघात. समोर स्टीफन आहे हे कळताच रंगनाथरावांनी घरी फोन करून टाकला होता, 'झालंच समजा.' इतक्या वर्षांत स्टीफन त्यांच्याशी एकदाही जिंकला नव्हता. वाचनालयात बुद्धिबळाचा पट एकच, गेल्या पिढीतल्या अजिनाथ सुताराने केलेला. तसा दुसरा नाही. सोंगट्यांना खाली खुंट्या, घराघरात भोकं आणि वजन पाट्याएवढं. कपाट मोडलेलं, म्हणून हरणाऱ्याने पट घरी वाहून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आणायचा, असा दंड ठरला होता. स्टीफनला सगळे हमाल म्हणत. ते नाव रंगनाथरावांनीच ठेवलेलं.

आज हमालाने उंट सरकवला आणि रंगनाथरावांचा वजीर कोंडला गेला. त्यांना काही उमगेना. हा कुणाकडून शिकून आला? की आपलंच डोकं चालेनासं झालंय? रोजच्या खेळ्या आठवाव्यात तर त्याही आता भलत्याच वाटायला लागल्या. घड्याळ पुढे पळत होतं. शेवटी त्यांनी राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

व्हरांड्यात त्यांनी स्टीफनला गाठलं. "आजच कसं जमलं रे तुला?"

स्टीफन ओशाळला. "आजचा पट स्पर्धेवाल्यांचा हाय. हरून घरी काय नेणार?"

"म्हणजे?" रंगनाथरावांनी विचारलं.

"आमच्या दयाला आता दिसत न्हाई," स्टीफन म्हणाला. "चाचपून खेळायचं तर साध्या सोंगट्या पडत्यात. तिला खुंट्यांचाच लागतो. रोज मला हरवती. तिनंच शिकवलं."

"अरे, मग बायकोसाठी पट मागायचास की."

"मागून आणलेलं तिला चालत न्हाई. नवरा लई कच्चा हाय म्हनून पट वाहतो, असंच वाटतंय तिला."

हमाल म्हणून किती हसलो, या विचाराने रंगनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे मी कधीच..."

स्टीफनने हलकेच त्यांचा दंड धरला.

"उद्या पट घेऊन येतो. तुमी नक्की या, रंगनाथराव. मला हरायचं हाय."